खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जायचं आहे, तिथे नेमकं काय होतं? (यवतमाळ-अमरावती भाग)

पळसफूल
सोमवार, रात्री १०:१२

मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नवरा शेती आणि कृषी केंद्र सांभाळतो, घरी सासू-सासरे, मुलगी चौथीत. दिवाळीनंतर झोप तुटायला लागली. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधड, हातापायांना घाम, आणि आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. यवतमाळला एमडी डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी, टूडी इको, शुगर सगळं नॉर्मल. तेच म्हणाले, मॅडम, हृदय ठणठणीत आहे, एखाद्या सायकॉलॉजिस्टला भेटा. नंबरही दिला. अमरावतीच्या एक बाई आहेत, खासगी प्रॅक्टिस. फोन केला तर रिसेप्शनवरच्या मुलीने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. पहिलं सेशन तासाभराचं, फी बाराशे.

आता तिथे गेल्यावर होतं काय, हे मला कुणी सांगेल का? डॉक्टरकडे गेलं की जीभ दाखवायची, बीपी मोजायचं, चिठ्ठी घेऊन निघायचं, एवढं माहीत आहे. इथे तासभर काय बोलायचं? मला तर माझ्याबद्दल दहा मिनिटंही बोलता येत नाही. लहानपणापासून सगळं सांगावं लागतं का? नवऱ्याला सोबत न्यावं का? त्या गोळ्या सुरू करतील का, आणि एकदा सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात हे खरं का? किती वेळा जावं लागतं? दर आठवड्याला अमरावती म्हणजे एक रजा, एसटीचं तिकीट आणि फी. आणि तिकडे कुणी ओळखीचं भेटलं तर?

अनुभव असलेल्यांनीच लिहा. "सकारात्मक विचार करा" हे मला शाळेच्या फळ्यावर रोज लिहावं लागतं, ते नको.

धुऱ्यावरून
सोमवार, रात्री १०:५१

ताई, पयले तं घाबरू नका. मी बाभुळगावकडचा, कापूसवाला मानूस. २०१७ च्या बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली, त्याच्यानंतर मलेबी असंच झालं होतं. झोप नाई, जेवन नाई, कोनाशी बोलाव वाटे नाई. साळा जबरदस्तीनं यवतमाळले घेऊन गेला.

मले वाटे का थो डॉक्टर सोफ्यावर झोपवन अन् डोळे लावाले सांगन. तसं काईच नाई. दोन खुर्च्या, टेबल, पंखा. त्यायनं इचारलं, झोप किती, जेवन कसं, दारू किती घेता, घरात आंधी कोनाले असं झालं होतं का, कर्ज किती, कोनाचं. मंग सरळ इचारलं, जीव द्याचा इचार येते का? मी चुप बसलो. हे मी बायकोलेबी सांगतलं नव्हतं. पन त्यायनं आवाज न बदलता इचारलं म्हून मी 'हो' म्हनलं. मंग इचारलं, फवारनीचं औषध घरात कुठं ठेवता? तवा थे घरातच राहे. त्यायनं माही परवानगी घेऊन माह्यासमोरच बायकोले फोन लावला अन् ठरवलं, औषधाची पेटी भावाच्या गोडाऊनमंदी अन् चाबी भावाजवळ. पयल्या भेटीत एवढंच काम झालं, पन आता वाटते का थेच सगळ्यात मोठं होतं.

मले वाटलं होतं, मानूस उपाय सांगन. जमीन इकू का, सावकाराचं काय करू. त्यायनं एकबी सल्ला देल्ला नाई. मले लय राग आला. पैसे देऊन आपनच बोलाचं? पन पुढच्या येळेस कर्जाचा सारा हिसाब कागदावर लिवाले लावला. कोनाचं किती, याज किती, कोन थांबू शकते, कोन नाई. डोक्यात थो आकडा रातभर मोठा होत जाये. कागदावर थो तेवढाच राह्यला. तुमी जा. जे येईन थे बोला, नाई आलं तं चुप बसा, तेबी चालते.

निशिगंध
सोमवार, रात्री ११:३८

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, अमरावती विभागातच काम करते. (पळसफूल, तुम्ही जाणार आहात त्या बाई मी असेन किंवा नसेन, इथे विचारू नका.)

पहिली भेट ही बहुतेक करून माहिती घेण्याची असते. एक फॉर्म भरायला देतात: वय, घरात कोण कोण, आधीचे आजार, चालू औषधं, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा. त्यात संमतीचा कागदही असतो. तो वाचूनच सही करा. फी किती, भेट रद्द करायची तर किती आधी कळवायचं, नोंदी कोण पाहू शकतं, हे त्यात असायला हवं. नसेल तर तोंडी विचारा. मी स्वतः एक दिवस आधी कळवलं नाही तर अर्धी फी घेते, पण एसटीचा संप किंवा नदीला पूर असेल तर नाही घेत. आपल्याकडे हे नियम शहरातल्यासारखे चालवता येत नाहीत.

मग विचारतील की आत्ताच का आलात. गेली वर्षभर त्रास असेल तरी आज फोन का केला, याच्या उत्तरातून आम्हाला पुष्कळ कळतं. लहानपण सगळं सांगायची गरज नाही. तुमच्या उपचाराची दिशा ठरवायला जेवढं लागतं तेवढं विचारतात, आणि "यावर आज बोलायचं नाही" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. धुऱ्यावरून यांना विचारला तो प्रश्न तुम्हालाही विचारतील. तो सगळ्यांना विचारतात. विचारल्यामुळे डोक्यात नसलेला विचार येत नाही, ही भीती जुनी आहे पण निराधार आहे.

काही जण प्रश्नावली देतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९, चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, त्याला ० ते ३ गुण. पहिलीचे जास्तीत जास्त २७, दुसरीचे २१. हे गुण म्हणजे निदान नव्हे. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तीच भरून घेतली की फरक पडतोय का ते दोघांनाही दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. शिक्षक मंडळी इथे हमखास "बरोबर उत्तर" शोधतात, ते करू नका.

गोळ्यांचं: सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देऊच शकत नाही. ते काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेल्या डॉक्टरचं. गरज वाटली तर बाई तुम्हाला त्यांच्याकडे पाठवतील आणि बोलण्याचं काम बरोबरीने चालू राहील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात काहीही उद्धट नाही, मला कुणी विचारलं तर बरंच वाटतं. "काउन्सेलर" अशी पाटी मात्र आजही थोड्या दिवसांचा कोर्स केलेला माणूस लावताना दिसतो. त्यात काही उत्तम आहेत, काही अजिबात नाहीत.

किती वेळा? विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत असेल तर साधारण १२ ते २० भेटी धरतात, एकेक पाऊण तास ते तासाभराची. सुरुवातीला आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. पण लांबून येणाऱ्यांना मी पहिल्या दोन-तीन भेटी समोरासमोर आणि पुढच्या आलटून पालटून ऑनलाइन असं सुचवते. हे तुम्हीही मागू शकता.

तुमचं निदान मी इथे करणार नाही. पण धडधडीच्या त्रासावर सीबीटी चालू झाली आणि बाईंनी तुम्हाला जागच्या जागी पळायला किंवा जिना भराभर चढायला सांगितलं तर चक्रावू नका. हृदय जोरात धडधडलं तरी काही होत नाही, हे शरीराला प्रत्यक्ष दाखवायचं असतं. ईसीजी आणि इको आधीच झालेत, ते रिपोर्ट सोबत न्या.

कोरडवाहू
मंगळवार, सकाळी ६:२०

तासाचे बाराशे! अजून दीडशे टाकले तं डीएपी खताची बॅग येते. आमच्या आजीनं दुष्काळात अर्धा डझन लेकरं वाढवली, तिनं कोनती थेरपी घेतली होती? हे पुण्या-मुंबईचं फॅड हाये. शेगावले जा, महाराजाच्या समाधीपाशी घडीभर बसा, मन आपोआप शांत होते.

धुऱ्यावरून
मंगळवार, सकाळी ७:०५

भाऊ, शेगावले मीबी जातो, दरसाल. पन पऱ्हाटीवर मावा आला तं तुमी महाराजाचं नाव घेऊन फवारताच ना? का निरा नावच घेता?

काळीपिवळी
मंगळवार, सकाळी ७:३०

धुऱ्यावरून 😂 +१

सिस्टर_वर्धा
मंगळवार, दुपारी २:४०

कोरडवाहू दादा, फॅडचं म्हणाल तर एक सांगते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, ते घरोघरी गेले, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. दीडेक वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. म्हणजे गावातल्या माणसाला हे नको असतं असं नाही, दाराशी आलं की घेतात. तुमच्या आजीला कुणी विचारलंच नसेल, आजी, झोप लागते का म्हणून.

पळसफूल ताई, मी नर्स आहे, थेरपिस्ट नाही. पण माझं एक सांगणं. थायरॉइड तपासलं का? हिमोग्लोबिन, बी१२? तुमच्या यादीत दिसलं नाही. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड, घाम, झोप न येणं हे सगळं होतं. थेरपीला जायच्या आधी किंवा बरोबरीने ते करून घ्या.

गोळ्यांबद्दल: नैराश्य-चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आमच्याकडे लोक आठ दिवस घेतात, फरक नाही म्हणून सोडतात. दुसरे बरं वाटलं म्हणून एकदम सोडतात आणि मग चक्कर, चिडचिड घेऊन परत येतात. जन्मभर घ्याव्या लागतातच असं नाही, पण बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू. झोपेच्या गोळ्या मात्र वेगळ्या, त्यांची सवय लागते. मेडिकलवाल्याच्या ओळखीने त्या घेऊ नका. हे मुद्दाम लिहितेय कारण गावात सगळ्यात आधी तेच होतं.

आणि ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी: सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ-अकोला-नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपुरात आहे, तिथे ओपीडी चालते, गेलं की दाखलच करून घेतात असं नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर, चोवीस तास, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर दर आठवड्याची थेरपी मिळत नाही, पण पहाटे तीनला छाती धडधडत असताना माणसाचा आवाज मिळतो.

आर्वीकर
मंगळवार, रात्री ९:१५

निशिगंध यांनी चांगलं लिहिलंय, पण सगळे थेरपिस्ट तसे नसतात. माझा पहिला अनुभव वाईट होता, म्हणून लिहितो.

वडील गेल्यावर मी एका खासगी काउन्सेलरकडे जायला लागलो. नाव, गाव सांगत नाही. पहिल्याच दिवशी दहा भेटींचं पॅकेज आगाऊ भरायला लावलं. निम्मा वेळ तेच बोलायचे, त्यांनी आयुष्यात काय काय सोसलं ते. एकदा म्हणाले, "तुमच्याच तालुक्यातला एक कापूस व्यापारी येतो माझ्याकडे, त्याचं तर तुमच्यापेक्षा वाईट." व्यापारी कोण ते मला लगेच कळलं. घरी येताना मनात एकच विचार, माझ्याबद्दल हा माणूस कुणाला काय सांगत असेल. मी लग्न केलं की सगळं ठीक होईल हेही त्यांनी सांगून टाकलं.

नंतर वर्ध्याला दुसऱ्या बाई मिळाल्या. त्यांच्याकडे पहिले काही आठवडे मला सारखं वाटायचं की काही होतच नाहीये. त्या कमी बोलायच्या. पण मागच्या वेळी मी जे बोललो ते त्यांना नेमकं आठवायचं. "तुम्ही म्हणालात की हॉस्पिटलमध्ये तुम्ही चहा प्यायला बाहेर गेला होतात, तेवढ्यात..." इथे त्या थांबायच्या. पुढचं मलाच बोलावं लागायचं. चहाचं ते वाक्य मी पहिल्या दिवशी सहज बोलून गेलो होतो. सगळं तिथेच अडकलेलं होतं.

तर तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा, या माणसासमोर मला खोटं बोलावं लागतंय का? लागत असेल तर त्यांनाच सांगा की जमत नाहीये. चांगला थेरपिस्ट रागावत नाही, उलट दुसरं नाव सुचवतो. फोन उचलणं बंद करून गायब होऊ नका, एक शेवटची भेट घ्या. आणि पॅकेज आगाऊ कधीच भरू नका.

मधे एक टप्पा असाही येतो की आधीपेक्षा वाईट वाटतं. बुजवलेलं उकरलं जातं ना. माझ्या बाबतीत त्या काळात चिडचिड फार झाली, बहिणीशी बोलणंच बंद केलं. हे थेरपिस्टला सांगायचं असतं, मनात ठेवून जाणं बंद करायचं नसतं.

पळसफूल
मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. थायरॉइड राहिलंच होतं, उद्या रक्त देते.

अजून एक. घरात मी फक्त नवऱ्याला सांगितलंय. ते सोबत यायला तयार आहेत. सासूबाईंना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलंय, त्या पुसदजवळच्या एका बाबाकडे नेऊ म्हणतात. त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणूनच म्हणतात, भांडण नाही करायचं मला. पण गावात कळलं तर? त्या क्लिनिकच्या इमारतीत खाली मेडिकल आहे आणि तिथे आमच्या शेजारच्या गावचा मुलगा कामाला आहे. शाळेत कळलं तर पालक म्हणतील, मॅडमचं डोकं फिरलंय, मुलं कशी सोपवायची. सर्व्हिस बुकात काही येतं का? आणि बाई माझं बोलणं नवऱ्याला सांगतील का?

निशिगंध
मंगळवार, रात्री ११:२०

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या २३ व्या कलमात उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. तुमचं बोलणं नवऱ्याला, सासूला, मुख्याध्यापकांना तुमच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयाने आदेश दिला तर. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. हे अपवाद थेरपिस्टने पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगायचे असतात. नाही सांगितले तर विचारा.

नवऱ्याला जरूर न्या, पण ते बाहेर बसतील. शेवटची दहा मिनिटं त्यांना आत घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि काय बोलायचं तेही आधी बाईंशी ठरवून घ्यायचं.

सर्व्हिस बुकात काही येत नाही. किरकोळ रजेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, कारण "घरगुती काम" एवढं पुरतं.

मेडिकलमधला मुलगा हा मात्र खरा प्रश्न आहे आणि त्याला कायद्यात उत्तर नाही. छोट्या शहरात आम्हालाही हे रोज सांभाळावं लागतं. लग्नात, आठवडी बाजारात माझी आणि येणाऱ्यांची गाठ पडतेच. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मीही हसेन, तुम्ही तोंड फिरवलंत तर मला राग नाही. तुम्ही बाईंना आधी फोन करून सांगा की खाली ओळखीचा मुलगा आहे. दुपारी मेडिकल रिकामं असतं, किंवा मागचा जिना असेल. अशा गोष्टी विचारायला लोक लाजतात, आणि मग तेवढ्यासाठी येणंच सोडतात.

बाबाचं: सासूबाईंबरोबर दर्शनाला जायला हरकत काही नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, औषध बंद करायला लावणं असलं काही असेल तिथे मात्र पाऊल ठेवू नका.

नागपूरचा_उन्हाळा
बुधवार, सकाळी ८:४५

ऑनलाइन घेणार असाल तर: मी घाटंजीचा, नोकरी नागपुरात, पण लॉकडाऊनमध्ये गावी असताना सेशन्स तिथूनच केली. घरात एकांत नाही. गच्चीवर गेलो तर शेजारची काकू वाळवणाच्या निमित्ताने हजर. शेवटी शेतात, मोटारसायकल लावून, बांधावर बसून. रेंज तिथे दोन कांड्या. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की व्हिडिओ तुटला तर पाच मिनिटांत साधा फोन. इअरफोन घ्याच, समोरच्याचा आवाज बाहेर जाऊ देऊ नका. थेरपिस्ट सुरुवातीला "आत्ता कुठे आहात" आणि जवळच्या कुणाचा तरी नंबर विचारतात, ते संशयाने नाही, काही झालं तर कुणाला पाठवायचं म्हणून. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग मिळत असेल तर तुमच्यासाठी उत्तम, पण झाडूवाल्या मावशी येऊन झाडायला लागतील त्याआधी उरका.

संत्राबाग_मोर्शी
बुधवार, दुपारी १:१०

माझी बायको गेलं वर्षभर जाते, मी फक्त गाडी चालवतो. म्हणून तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो.

परत येताना "आज काय बोलली?" विचारायचं नाही. मी सुरुवातीला विचारायचो, अगदी काळजीने. तिने एकदा सांगितलं, तुम्ही विचाराल म्हणून मी आत बोलताना शब्द निवडते. तेव्हापासून गाडीत गाणी लावतो, वाटेत चहा घेतो, बस. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकाचं, पाहुण्यांचं काही ठेवू नका. सेशननंतर माणूस थकतो, झोप येते, कधी रडू येतं. आई विचारते, गाडीत बसून कसली थकते. तिला मी सांभाळतो, ते माझं काम.

पैशाचं स्पष्ट लिहितो, कारण कुणी लिहीत नाही. आमच्याकडे फी हजार, पण गाडी-पेट्रोल आणि एक दिवसाची मजुरी धरली तर जाण्यायेण्याचा खर्च फीइतकाच होतो. आम्ही बाईंना सांगितलं की बहाराचा पैसा हाती येईपर्यंत दर आठवड्याला जमणार नाही. त्यांनी न लाजवता भेटी लांबवल्या, मधल्या काळासाठी घरी करायचं काम दिलं. काही जण फी कमीही करतात, पण विचारावं लागतं. आरोग्य विम्यावर विसंबू नका. कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही धरावे लागतात, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झालं तरच पैसे देतात. थेरपीची फी म्हणजे ओपीडी, ती आपल्याच खिशातून.

पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत मात्र खंड पडू देऊ नका. आमचा पडला होता, आणि नेमका तोच काळ तिला सगळ्यात जड गेला.

कोरडवाहू
बुधवार, दुपारी ४:००

सिस्टर, ते ३० गावंवालं वाचलं. बरं हाये. मंग असं आमच्या तालुक्यात काऊन नाई?

सिस्टर_वर्धा
बुधवार, संध्याकाळी ७:२५

दादा, हे आमदारांना विचारा, मला पण ऐकायचंय उत्तर. तोवर शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी काढलेला. तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात कुणाला भेटायचं ते त्या सांगतील.

पळसफूल
पुढचा शुक्रवार, रात्री ९:५०

जाऊन आले.

थायरॉइड नॉर्मल निघालं, हिमोग्लोबिन ९.२, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. नेरमार्गे एसटीने गेलो, माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण. बाईंना आधी फोन केला होता, त्यांनी दुपारी दोनची वेळ दिली. मेडिकलमधला मुलगा जेवायला गेला होता. बस स्टँडवर मात्र आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एक मॅडम भेटल्याच. दाताच्या डॉक्टरकडे आलो म्हटलं. त्यांनी लगेच त्यांच्या दाताची पूर्ण कहाणी सांगितली, त्यात पंधरा मिनिटं गेली.

नोंदणी क्रमांक विचारला. मला वाटलं होतं रागावतील, त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्रच दाखवलं. फॉर्म, संमतीपत्र, गोपनीयतेचे अपवाद, सगळं निशिगंध यांनी लिहिलं होतं तसंच. तो प्रश्नही विचारला. माझं उत्तर "नाही" होतं, पण विचारल्यावर बरं वाटलं.

दहा मिनिटं बोलता येईल का म्हणत होते, तास कसा गेला कळलं नाही. धडधडीबद्दल सांगायला गेले आणि अर्धा वेळ बोलले गेल्या वर्षीच्या बदलीच्या यादीबद्दल, ज्याचा मी घरी एकदाही उल्लेख केला नव्हता. नाव यादीत होतं, मग निघालं, पण ते तीन महिने मुलीला कुठे ठेवायचं हाच विचार. बाईंनी विचारलं, "यातून तुम्हाला काय बदललेलं हवंय?" मी म्हटलं, झोप. त्या म्हणाल्या, झोप आली तर दिवसभरात काय वेगळं कराल? मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळेपर्यंत विचार करा म्हणाल्या.

गोळ्यांचं नाव काढलं नाही. आधी चार-सहा भेटी पाहू, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवेन म्हणाल्या. एक वही करायला सांगितली: धडधड कधी, तेव्हा कुठे होते, काय मनात आलं, किती वेळ टिकली. आणि पहाटे जाग आली तर पडून छताकडे बघायचं नाही. उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप आली की परत. मी मुलांच्या वह्या तपासते. ह्याहून कंटाळवाणं काही सापडलं नाही.

सल्ला एकही नाही. धुऱ्यावरून दादा, मलाही राग आला. परतताना बसमध्ये डोकं दुखत होतं आणि ह्यांनी काहीच विचारलं नाही. संत्राबाग दादांचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिला होता. पुढची भेट समोरासमोरच, त्यानंतरची ऑनलाइन ठरली.

फरक? अजून काही नाही. परवा पुन्हा तीनला जाग आली. वहीत लिहिलं.

धुऱ्यावरून
शुक्रवार, रात्री १०:०५

वही सोडू नका ताई. मायी अजून हाये, कपाटात.

वैनगंगा_काठ
शनिवार, सकाळी ११:३०

धागा आजच वाचला. आमचं भंडाऱ्याकडे. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत, खोलीबाहेर येत नाही, शाळा बुडवतो. त्याला थेरपिस्टकडे न्यायचं तर वेगळं काही असतं का? तो यायलाच तयार नाही.

निशिगंध
शनिवार, दुपारी ३:१५

अठराच्या आतला असल्याने तुमची संमती लागते. बरेच जण आधी आई-वडिलांना एकट्याने बोलावतात, तेव्हा पहिली भेट त्याच्याशिवायच घ्या. मुलगा तयार नसताना ओढून नेलं तर तो खुर्चीत बसेल आणि तासभर मोबाइल बघेल. तुम्ही दोघांनी जाऊन काय करायचं ते शिकून आलात तरी घरात फरक दिसू शकतो. त्याला न्याल तेव्हा "शहरात काम आहे" असं खोटं सांगून नेऊ नका. आणि थेरपिस्टने त्याचं सगळं बोलणं तुम्हाला सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका. जिवाचा धोका वगैरे असेल तर सांगतीलच, बाकी त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. तो जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचं बोलत असेल तर मात्र वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या.

आर्वीकर
शनिवार, संध्याकाळी ५:४०

वैनगंगा, यावर वेगळा धागा काढा ना, इथे खाली दबून जाईल. दहावीच्या मुलांचे पालक बरेच आहेत इथे.

वैनगंगा_काठ
शनिवार, संध्याकाळी ६:०२

काढतो. शीर्षकात भंडारा-गोंदिया टाकतो, म्हणजे तिकडच्या मंडळींना सापडेल.